देव्हाऱ्यातला मान्ना

२ फेब्रुवारी, रविवार

आज मान्ना चलनात आला. एकतीस वर्षं कॉलेजात दुसऱ्यांचे सिद्धांत फळ्यावर लिहिले, आणि आज सदुसष्टाव्या वर्षी माझी स्वतःची एक कल्पना लोकांच्या खिशात गेली. उपासनेनंतर चर्चच्या अंगणात मंडळीतली चौदा कुटुंबं थांबली होती. त्यांच्याकडे काम करणाऱ्या बायका, किराणावाले मारोतराव, भाजीवाली, गिरणीवाला, सगळ्यांना बोलावलं होतं. चहा आणि आलूबोंडे होते. आलूबोंड्यांमुळेच गर्दी झाली असं जयवंताचं म्हणणं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने माझ्या कोणत्याही यशाचं श्रेय मला दिलेलं नाही.

छापील पत्रक वाटून मी सोप्या शब्दांत सांगितलं. धान्याला कीड लागते, कापड विरतं, लोखंड गंजतं, माणूस म्हातारा होतो. देवाच्या राज्यात सगळं झिजतं. एकटा पैसा झिजत नाही. नुसता पडून राहिला तरी व्याज खाऊन फुगतो. म्हणून ज्याच्याकडे पैसा आहे तो थांबू शकतो, आणि ज्याच्याकडे भाजी आहे किंवा दोन हात आहेत त्याला थांबता येत नाही. माणसाची सगळी गुलामी इथून सुरू होते. आपल्या शास्त्रात व्याजाला मनाई होती. दर पन्नास वर्षांनी योबेल वर्ष यायचं आणि गहाण जमिनी सुटायच्या. चर्च हे सोयीने विसरलं.

मग मान्नाची गोष्ट. रानात भुकेल्या लोकांना देवाने आभाळातून मान्ना दिला, रोजच्या पोटापुरता. ज्यांनी लोभाने उद्यासाठी साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. आपलं कूपन तसंच आहे. किंमत शंभर रुपये. मागे दहा चौकोन, प्रत्येक चौकोनाखाली एका रविवारची तारीख. तो रविवार उलटला की दहा रुपये गेले. दहा रविवारांनी नुसता कागद उरतो. तेव्हा साठवू नका, फिरवत राहा. दुकानदारांनी सोमवारी माझ्याकडे यावं आणि त्या दिवशीची किंमत रोख घेऊन जावी.

पाळकसाहेबांनी गठ्ठ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं, पण दिसायला बरं दिसलं. मग आमच्याकडे आणि मंडळीतल्या आणखी दोन घरी स्वयंपाकपाणी करणारी रुख्माबाई डोक्यावर पदर घेऊन पुढे आली. तिचा पगार तिन्ही घरचा मिळून चार हजार, त्यातले निम्मे आता मान्नात. पहिली वीस कूपनं तिने माझ्या हातून घेतली आणि कपाळाला लावली. ती काही आमच्या मंडळीतली नाही. विणकराच्या घरातली बाई. नवरा हातमागावर बसायचा, तो गेला. पिंकी नावाची एक मुलगी आहे, बारावीला.

मन भरून आलं. हे लिहायला लाज कशाला वाटावी?

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला चौकोन मेला. मारोतराव म्हणाले, "सर, रविवार आला का पोटात गोळा येते बापा. कूपन म्हंजे उन्हाळ्यातलं दूध झालं." मी म्हटलं, तेच तर हवं आहे.

४ मार्च, मंगळवार

उत्तम चाललं आहे. गिरणीवाला घेतलेलं कूपन संध्याकाळच्या आत भाजीवालीला देतो, ती मारोतरावांना. परदेशातल्या एका गावात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हाच प्रयोग झाला होता, पण त्यामागे शास्त्राचा आधार नव्हता. माझ्या प्रयोगाचं वेगळेपण तिथे आहे.

एक बारीकशी गोष्ट. कूपन क्रमांक एक ते वीस अजून माझ्याकडे परत आलेली नाहीत.

आज स्वयंपाकघरात जयवंता मटार सोलता सोलता रुख्माबाईला मान्नाची गोष्ट पुढे सांगत होती. बायकांच्या गप्पांत शास्त्र आलं तर बरंच आहे.

२ एप्रिल, बुधवार

बँकेचा मेसेज. माझ्या ग्रॅच्युइटीचे दोन लाख कूपनांना तारण म्हणून मुदत ठेवीत ठेवले आहेत, त्यांचं तिमाही व्याज जमा झालं. क्षणभर चरकलो. व्याजाविरुद्ध लढणारा माणूस व्याज घेतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मग लक्षात आलं, हे व्याज माझं नाही, निधीचं आहे. कुणाला सांगण्याची गरज नाही.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, प्रभूच्या दाखल्यातला मालक तर चाकराला रागावला, की तू पैसे पुरून ठेवण्यापेक्षा सावकाराकडे ठेवले असतेस तर मला व्याज मिळालं असतं. मग व्याज पाप कसं?" मी म्हटलं, त्या दाखल्यातला मालक कठोर माणूस आहे असं तो चाकर स्वतःच सांगतो, सगळेच मालक देवाची प्रतिमा नसतात. ते हसले. "हे खरं," म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

१९ मे, सोमवार

पंचेचाळीस डिग्री. कूलरमधलं पाणीसुद्धा उकळल्यासारखं. घरात बसवत नव्हतं, तरी मारोतरावांच्या दुकानात गेलो, कारण हिशेब लागत नाही. आता चार महिन्यांची ऐंशी कूपनं गायब आहेत, सगळी ओळीच्या क्रमांकांची. एवढी कूपनं एका हाती ठेवणारा दुकानदारच असणार. काहीतरी डाव असणार. मी चार गिऱ्हाइकांसमोर स्पष्ट विचारलं, "मारोतराव, गल्ला दाखवता का?"

ते लालबुंद झाले. "सर, मी दुकान चालवतो का तुमची परीक्षा देऊन राहिलो? पाहा, पाहून घ्या." गल्ला माझ्यासमोर काउंटरवर पालथा केला. त्यात अकरा कूपनं होती, सगळी चालू महिन्याची. एक पोरगी हसली.

त्यांनी दुसरीकडे कुठे ठेवली असतील. संशय कायम.

३० जून, सोमवार

बंगळूरूच्या ख्रिस्ती समाजचिंतन परिषदेचं पत्र आलं. ऑक्टोबरमध्ये माझा निबंध वाचायचा आहे. मी पाठवलेल्या सारांशातलं एक वाक्य त्यांना विशेष आवडलं: 'या प्रयोगात नियमाला एकही अपवाद करण्यात आलेला नाही.' हे वाक्य निबंधाचा कणा आहे असं त्यांनी कळवलं. प्रवासखर्च मात्र ज्याचा त्याने करायचा.

जयवंताला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान. भाजी काय आणू?"

१२ ऑगस्ट, मंगळवार

हरवलेले क्रमांक सापडले.

सकाळी रुख्माबाई रोजच्यापेक्षा अर्धा तास लवकर आली, इस्त्रीची साडी नेसून. पिंकी सोबत होती. पिंकीला बारावीला एकाहत्तर टक्के मिळाले आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला आहे. पहिला हप्ता चौदा हजार, पंचवीस तारखेच्या आत भरायचा. रुख्माबाईने टेबलावर स्टीलचा डबा ठेवला.

"सर, हे घ्या. सात महिन्याचे हाय, चौदा हजार पुरे. आता मले रोख द्या."

डब्यात एकशे चाळीस कूपनं. एकालाही घडी पडलेली नाही. प्रत्येकावर छापलेल्या क्रुसाला हळदकुंकवाचं बोट लावलेलं.

"तू खर्च का केली नाहीस?"

"देवाची भाकर हाय न जी ते. पादरीबाबानं हात ठेवला होता त्याच्यावर. तेलमीठ मी रोखीत भागवलं, अन् हे देव्हाऱ्यात देवीच्या टाकामागं ठेवत गेली."

"मी त्या दिवशी सांगितलं होतं, ठेवलं की किडतं."

"घरात ठेवलं त्याचे किडे होतात. देवापुढं ठेवलं ते खराब नाई होत. बाईनंच सांगतलं होतं न."

जयवंता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातली परात तिने खाली ठेवली.

मी एकेक कूपन उलटून पाहिलं. ऑगस्टच्या वीस कूपनांचा एकच चौकोन मेला होता, त्यांचे अठराशे. जुलैची अर्धी, त्यांचे हजार. जूनची गेल्या रविवारी संपली. त्याआधीची कधीचीच. एकूण अठ्ठावीसशे. मी तिथल्या तिथे अठ्ठावीसशे रुपये मोजून तिच्या हातात दिले, एक रुपया कमी नाही.

"अन् बाकीचे?"

"बाकीचे मेले, रुख्माबाई."

तिला समजायला वेळ लागला. ती डब्याकडे पाहत राहिली, जणू आत आणखी काही असेल. पिंकी मात्र लगेच म्हणाली, "म्हंजे पाच महिने आईचा अर्धा पगार तुम्ही देल्लाच नाई न, सर."

मी तिला शांतपणे समजावलं, की पगार दिला होता, तो तिच्या हातात असताना झिजला. देणं आणि झिजणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पोरगी हुशार आहे, पण उद्धट. रुख्माबाईने तिला गप्प केलं आणि पोळ्या लाटायला गेली. पोळ्या आज जाड झाल्या होत्या.

मारोतरावांवरचा संशय फिटला. माफी मागण्याचं कारण मला दिसत नाही. त्या वेळच्या माहितीवर निष्कर्ष बरोबर होता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जेवायला बसलो तर ताटाशेजारी शास्त्र उघडून ठेवलेलं. जयवंता म्हणाली, "वाचा." पुढचा भाग होता तो. मोशेच्या सांगण्यावरून एक भांडं मान्नाने भरून पुढच्या पिढ्यांसाठी देवासमोर ठेवलं गेलं. त्याला कीड लागली नाही.

"हे तुम्ही तुमच्या पत्रकात काहून नाही घातलं?" तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं असं नाही. पत्रकात जागा नव्हती.

"तिने देवापुढं ठेवला," जयवंता म्हणाली. "तिच्या देवापुढं का होईना. तुमच्यापेक्षा तिनं शास्त्र जास्त पाळलं. अन् चूक माझी आहे, मीच तिला हे सांगितलं. द्या तिचे पैसे."

खरं लिहितो. दुपारभर मी अस्वस्थ होतो. डब्यातली ती कुंकवाची बोटं डोळ्यांसमोरून हलत नव्हती. अकरा हजार दोनशे म्हणजे मला काही जड नाहीत. पण मग त्या वाक्याचं काय? एक अपवाद केला की निबंधाचा कणा गेला, आणि मी पुन्हा दुसऱ्यांचे सिद्धांत सांगणारा मास्तर. संध्याकाळी उत्तर सापडलं. तिथे भांडं ठेवण्याची आज्ञा होती. इथे आज्ञा देणारा मी, आणि मी तशी आज्ञा दिलेली नव्हती. किती साधं होतं. उगाच दिवस वाया गेला.

१६ ऑगस्ट, शनिवार

जयवंताने पाळकसाहेबांना बोलावून आणलं. त्यांनी द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला काढला. शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही त्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण तो भला होता. "त्याने नियम मोडलाच ना, सर?"

"तो मळ्याचा मालक होता. मी नुसता विश्वस्त आहे. मला सूट देण्याचा अधिकार नाही."

"बरं. मग तिचे ते अकरा हजार दोनशे आता आहेत कुठे?"

"घट खात्यात. मेलेल्या चौकोनांचे पैसे तिथेच जमा होतात."

"म्हणजे तुमच्याकडे."

"निधीकडे," मी म्हटलं. चांगला माणूस आहे, पण अर्थशास्त्र कच्चं.

१७ ऑगस्ट, रविवार

जयवंताच्या कानात नेहमीची सोन्याची फुलं नाहीत, त्यांच्या जागी कडुनिंबाच्या काड्या. कान पिकला असेल. दोन्ही कसे पिकले, विचारायला हवं होतं, राहून गेलं.

रुख्माबाई मात्र खुशीत आहे. आज माझ्यासाठी मुद्दाम सांभारवडी करून आणली आणि जाताना वाकून नमस्कार केला. तिने नियम स्वीकारला याचा मला फार आनंद झाला. गरीब माणसाला न्याय कळतो, वेळ लागतो इतकंच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मारोतराव दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले, "सर, तुमचे मेलेले कूपन जित्ते होऊन राहिले म्हनते. माह्याकडंबी चार हाय मेलेले, आनू का?" भाजीवालीकडे सहा आहेत. सगळ्यांना ठाऊक आहे, की सरांनी रुख्माबाईला जुन्या कूपनांचे पूर्ण पैसे दिले. मला एकट्याला ठाऊक नाही.

घरी येऊन विचारलं. जयवंताने लपवलं नाही. तिच्या आईची कानातली फुलं विकली आणि ती कूपनं विकत घेतली.

"तुमच्या निधीतून एक रुपया घेतला नाही मी. तुमचा नियम आहे तिथेच आहे."

"पण तू तिला सांगितलंस की मी पैसे मान्य केले."

"हो. नाहीतर ती घेत नव्हती. सरांनी कामाचे पैसे मानले म्हटलं, तेव्हा घेतले."

"खोटं बोललीस."

"हो, बोलली. देव पाहून घेईल." आणि मग हळूच, "सोमवारपर्यंत गप्प राहा. पोरीचा हप्ता भरला जाऊ द्या. मग साऱ्या गावाला सांगा, मला काही नको. एवढं माझ्यासाठी करा."

चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. आमचं बाळ गेलं तेव्हाही तिने काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, विचार करतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

विचार केला. आज नाही सांगितलं तर सोमवारी दारात मेलेल्या कूपनांची रांग लागेल. आणि सोमवारनंतर सांगणं म्हणजे हप्ता भरून झाल्यावर त्या बाईला ओशाळं करणं. ते जास्त क्रूर. सत्य वेळेवर सांगावं.

मारबतीचा दिवस, पुतळ्यांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद, ऑटो मिळेना. पायी गेलो. लोक अंगावर येत होते, पोरं लाकडी नंदी ओढत होती, आणि जिकडेतिकडे तीच आरोळी, की इडा पीडा, रोगराई, महागाई घेऊन जा गे मारबत. गर्दीत चष्म्याची काडी वाकली.

सक्करदरा तलावामागे रुख्माबाईच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत हातमागाचा जुना खड्डा अजून आहे, त्यावर फळी टाकून पिंकी अभ्यासाला बसते. आजही बसली होती, फॉर्मला फोटो चिकटवत. रुख्माबाईने माझ्यासाठी खुर्ची पुसली, पाणी दिलं. "सर, तुम्ही आमच्या घरी आले," दोनदा म्हणाली.

मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. तुला मिळालेले पैसे कूपनांचे नाहीत, बाईंच्या कानातल्या फुलांचे आहेत. कूपनांची किंमत शून्यच आहे. बाई तुझ्याशी खोटं बोलल्या. मी काहीही मान्य केलेलं नाही.

ती उभीच होती. मग ती आतल्या खोलीत गेली आणि देव्हाऱ्यातून तोच डबा घेऊन आली. फॉर्म कालच हाती आला आणि बँक आज बंद, म्हणून पैसे सोमवारपर्यंत पुन्हा टाकामागे ठेवले होते. नोटांनासुद्धा कुंकू लावलं होतं. तिने स्वतःचे अठ्ठावीसशे बाजूला काढले आणि बाकीचे माझ्यापुढे धरले.

"हे बाईले वापस द्या."

पिंकी उठली. "आई, नको देऊ. आई, परवा शेवटची तारीख हाय."

"चूप बस वं."

"बाई देऊन राहिल्या न आपल्याले. काहून वापस करतं?"

"बाईच्या कानातलं विकून तुले शिकवू का मी? मी कामाचे मागतले होते. भीक नाई मागतली कोनाले." मग माझ्याकडे न पाहता, "सर, काम तर राहीन न माह्यं? तिन्ही घरचं?"

मी म्हटलं, कामाचा आणि याचा काय संबंध, काम आहेच.

मी पैसे मागितले नाहीत, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. तिने आपणहून दिले. मी निघालो तेव्हा पिंकी त्या फळीवर बसून फॉर्मवरचा फोटो नखाने काढत होती. नीट चिकटला होता, निघत नव्हता.

परत येताना बरं वाटायला हवं होतं. पाय दुखत होते म्हणून असेल, नाही वाटलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तारीख काल गेली. जयवंता पैसे हातात घेत नाही. सराफाकडे गेलो होतो, फुलं त्याने त्याच दिवशी आटवली. शेवटी तिच्या नावाने वर्षभराची मुदत ठेव केली, साडेसहा टक्क्यांनी. व्याजाचा प्रश्न तत्त्वाचा आहे, पण बायकोच्या म्हातारपणाचाही विचार करायला हवा.

जेवणाआधीची प्रार्थना मी म्हणतो तेव्हा ती डोळे मिटत नाही. सरळ माझ्याकडे पाहत बसते. हे मला दिसलं, म्हणजे माझेही उघडे होते.

१५ सप्टेंबर, सोमवार

मेलेल्या कूपनांचे पैसे शेवटी कुणीही मागितले नाहीत. मारोतरावांनी ती चार माझ्यासमोर फाडली आणि कचऱ्यात टाकली. शिस्त बसली.

पिंकी कळमेश्वरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सकाळी साडेपाचला गाडी येते, दिवसभर उभ्याने काम. नर्सला तरी कुठे बसायला मिळतं? पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरता येईल असं मी रुख्माबाईला सुचवलं. ती "हो जी" म्हणाली. पिंकीला कुही गावाकडचं एक स्थळ आलं आहे म्हणे.

बंगळूरूचं विमानाचं तिकीट काढलं, जाऊनयेऊन दहा हजार नऊशे चाळीस. प्रश्न होता पैसे कुठून काढायचे. घट खात्यात रुख्माबाईच्या कूपनांचे नेमके अकरा हजार दोनशे पडून होते. पडून राहिलेला पैसा फिरला पाहिजे, हेच तर आपण सांगतो. दोनशे साठ उरले, त्यात चष्म्याची काडी बदलली.

११ ऑक्टोबर, शनिवार, बंगळूरू

निबंध वाचला. सभागृह भरलेलं होतं. 'र. या अल्पशिक्षित महिलेचं उदाहरण' या भागाला सर्वांत चांगला प्रतिसाद मिळाला. साठवणुकीची वृत्ती धर्मभावनेच्या आड कशी लपते, हे त्यातून स्पष्ट होतं. देवासमोरच्या भांड्याचा मुद्दा मी स्वतःच उपस्थित केला आणि खोडून काढला. एका बिशपसाहेबांनी हस्तांदोलन केलं. ग्रंथात छापणार आहेत.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतली एक तरुण सिस्टर उठली. "त्या र. बाईंचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, त्या आजही योजनेत सहभागी आहेत. टाळ्या पडल्या. सिस्टरने टाळ्या वाजवल्या नाहीत, हात झग्यात घेऊन बसली होती. इथे एसी फार असतो.

जयवंताला फोन केला. वाजत राहिला.

२ नोव्हेंबर, रविवार

जयवंता महिनाभर बाहेरच्या खोलीत झोपते. बोलणं मिठापुरतं. आज उपासनेला ती माझ्या बाकावर बसली नाही, मागे बसली. मी मागे वळून पाहिलं, तर कानात अजून त्या काड्याच.

पण आजचा दिवस नोंदवण्यासारखा आहे. उपासनेनंतर पगाराची कूपनं वाटली. रुख्माबाईने वीस घेतली. या वेळी कपाळाला लावली नाहीत. मी मुद्दाम मागोमाग मारोतरावांच्या दुकानापर्यंत गेलो. तिने वीसच्या वीस कूपनं काउंटरवर ठेवली. तेल, साखर, साबण, मग फरसाण, मग आणखी फरसाण, बिस्किटांचे पुडे, उदबत्त्या, आणि तरी सव्वाशे रुपये उरले तेव्हा म्हणाली, "काईबी द्या." मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून एक प्लास्टिकची बादली काढून दिली. एकही चौकोन मरू दिला नाही. गेल्या नऊ महिन्यांत इतक्या वेगाने कुणीही मान्ना फिरवलेला नाही.

मी पुढे होऊन म्हटलं, "बघ रुख्माबाई, आता समजलं की नाही?"

"हो जी," ती म्हणाली. "तुमचं बराबर होतं, सर. ठेवाचंच नाई. आता ठेवाले काई राहिलंबी नाई."

बादलीत सामान भरून ती तलावाच्या रस्त्याने गेली. मी घरी येऊन तिचं वाक्य तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं. ग्रंथ छापायला जायच्या आत परिशिष्टात घालायचं आहे.